सावकाश जेवा, वजन आवरा

सुरगाण्याच्या आदिवासी घरांत नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी रोजच्या ओळखीची. ही भाकरी भराभर गिळता येत नाही, चावावीच लागते. वजन उतरवायला नेमकी हीच सवय उपयोगी पडते. अन्न पोटात गेल्यावर आतड्यांतून संप्रेरकं स्रवतात आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात. ताट 5-7 मिनिटांत संपवलं, तर त्याआधीच गरजेपेक्षा जास्त खाल्लं जातं. म्हणून जेवताना मोबाइल, टीव्ही बंद ठेवा. घास लहान घ्या, नीट चावा, तोंडातला संपल्यावरच पुढचा तोडा. दुसरी भाकरी घेण्याआधी क्षणभर थांबून भूक उरली आहे का, ते पाहा. मात्र तळलेलं आणि गोड कमी केल्याशिवाय नुसत्या सावकाश खाण्यानं वजन फारसं उतरत नाही.