रविवारच्या मौजेचा जमाखर्च

शनिवारची दुपार टळली की मुंबई-पुण्यातल्या मित्रमंडळींच्या मोबाइलवर एकच प्रश्न फिरू लागतो: उद्या कुठे? कुणाला लोणावळ्याला भिजायचे असते, कुणाला राजमाची गाठायची असते, कुणी नाटकाची तिकिटे काढलेली असतात, तर कुणाला नुसतेच जुन्या दोस्तांबरोबर मिसळ खाऊन गप्पा छाटायच्या असतात. बेत ठरतो, फिसकटतो, पुन्हा ठरतो. या गडबडीत रविवार मात्र गृहीत धरलेला असतो. सूर्य उगवावा तसा तो आपोआप येतो, अशीच सगळ्यांची समजूत. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० या दिवशी, आणि तीही काही वर्षे अर्ज-विनंत्या, सभा आणि सह्यांच्या मोहिमा केल्यानंतर.

सुट्टी मागणारा स्टोअरकीपर

कावसजी दावर यांच्या मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची जुळवाजुळव १८५४ साली सुरू झाली आणि पुढच्या तीन दशकांत मुंबईचे आकाश चिमण्यांनी भरून गेले. विजेचे दिवे नव्हते तोवर कामाचे तास सूर्य ठरवी. उजाडले की भोंगा आणि मावळले की सुटका. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. खेड्यातून आलेल्या माणसाला कष्टाची सवय होती. पण शेतीत पेरणी-कापणीच्या मध्ये उसंत असते, अमावास्येला औत धरत नाहीत, आठवडी बाजाराला चार गावची माणसे भेटतात. गिरणीत यातले काहीच नव्हते. सणावाराला गिरणी बंद राही तेवढीच विश्रांती. रविवारी यंत्रे थांबली तरी ती पुसायला कामगारांना बोलावले जाई. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या, मोठ्यांचा विचारच केला नाही.

हा विचार करणारा माणूस मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होता. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या आज वाचताना साध्या वाटतात: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. मालकांनी दाद द्यायला सहा वर्षे लावली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. दीड महिन्याने गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याच्या सुट्टीला होकार दिला आणि १८९१ च्या कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

रविवारच का? तो खंडोबाचा वार, हे एक कारण लोखंड्यांच्या नावावर सांगितले जाते. देवाला एक दिवस हवा, हे मालकालाही नाकारणे अवघड. सहा दिवस पोटासाठी आणि एक दिवस समाजासाठी, असेही त्यांचे म्हणणे असल्याचे सांगतात. सत्यशोधकाच्या तोंडी शोभणारीच ही वाटणी आहे. आपण नंतर त्यात तिसरी वाटणी घातली: मौजेसाठी.

गिरणगावचा सुट्टीचा दिवस

ती मौज सुरुवातीला महाग नव्हती. गिरणगावातला कामगार बहुधा एकटा राही. बायकामुले कोकणात किंवा घाटावर. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, जेवण खानावळीत. रविवारी त्या खोलीत सगळे एकाच वेळी जागे असत, हीच मोठी गोष्ट. मग गावच्या मंडळाची बैठक भरे, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी जमे, आलेले पत्र वाचून घेतले जाई. कुठे भजनाचा सराव, कुठे लेझीम, कुठे व्यायामशाळेत कुस्ती. कोकणातल्यांना शक्ती-तुरा आणि नमन हवे, घाटावरच्यांना तमाशा. त्यासाठी लालबागला हनुमान थिएटर उभे राहिले आणि परळला १९२२ साली दामोदर हॉल. दामोदर हॉलमागे ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग होती. दिवसा साच्यावर उभा राहणारा माणूस तिथे संध्याकाळी तोंडाला रंग लावून उभा राही. कामगार रंगभूमीतून पुढे आलेले कितीतरी नट याच फुरसतीचे पीक होते.

ज्यांच्या घरी कुटुंब होते ते चौपाटीवर जात, राणीच्या बागेत जात. १८६०च्या दशकारंभी उघडलेली ही बाग आजही बुधवारी बंद असते. रविवारी बंद ठेवली असती तर भायखळ्या-लालबागच्या मुलांनी हत्ती कधी पाहिला असता? दादरच्या बाजारपेठेनेही हेच गणित ओळखले. दुकाने सोमवारी बंद, म्हणजे रविवारी गिऱ्हाइकाला मोकळी. एकाची सुट्टी दुसऱ्याच्या कामावर उभी असते, याची ही पहिली खूण.

घरातल्या बाईचा रविवार मात्र उलट्या दिशेने चालला. मटणाच्या दुकानापुढची रांग पुरुषाने धरायची. खोबरे भाजणे, वाटण वाटणे, पाहुणे वाढले की पुन्हा भाकऱ्या थापणे तिच्याकडे. महालक्ष्मीच्या मैदानावर ज्या दोघी बोलल्या त्यांनी गिरणीतून सुट्टी मिळवली, चुलीपुढून नव्हे. बाईला मैत्रिणींबरोबर घराबाहेर पडायचे तर देवदर्शनाचे निमित्त लागे. अष्टविनायकाच्या बसगाड्या भरतात त्यात भक्ती असतेच. पण दोन दिवस कुणाला चहा करून द्यायचा नाही, हे सुखही कमी नसते.

गाडीने घाट जवळ आणला

सहलीची दुसरी परंपरा साहेबाची. १८२० च्या दशकाअखेरीस गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वर वसवायला घेतले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि परतल्यावर त्याने त्या जागेची वाखाणणी केली. उन्हाळ्यात महिनोन्महिने मुक्काम ठोकण्याची ती ठिकाणे; शनिवार-रविवारची नव्हेत. ती आवाक्यात आणली रेल्वेने. भोरघाटातून गाडी १८६३ साली धावली आणि खंडाळा-लोणावळा मुंबईच्या कवेत आले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वखर्चाने बांधलेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली.

१ जून १९३० हा रविवार होता. त्या दिवशी मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ धावली. आज जिच्याकडे नोकरदारांची गाडी म्हणून पाहिले जाते ती सुरुवातीला शनिवार-रविवारपुरतीच होती, आणि पावसाळ्यात पुण्याला घोड्यांच्या शर्यतींसाठी जाणाऱ्या शौकिनांवर तिची भिस्त होती.

आणखी एक गंमत. ज्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, ते धरण सहलीसाठी बांधलेलेच नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. इंजिने गेली, पाणी राहिले आणि त्या पाण्यावर मक्याची कणसे, कांदाभजी आणि चहाची बाजारपेठ उभी राहिली.

मध्येच एक काळ असा आला की रविवारी बाहेर पडायचीच गरज उरली नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झाले. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. चाळीत ज्याच्याकडे संच त्याच्या घरात अख्खा मजला. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले आणि त्या वेळेत रस्ते ओस पडू लागले. पाठोपाठ ‘महाभारत’ आले. संच घरोघर झाले तशी ती सामुदायिक बैठक मोडली. माणसे पुन्हा बाहेर पडली, पण आता चाळीबरोबर नव्हे. ऑफिसातल्या, कॉलेजातल्या, सोसायटीतल्या आपापल्या गटाबरोबर.

गडावरची वाट आणि रांग

या गटांची सर्वांत मराठी सहल म्हणजे गडाची. इंग्रजाच्या थंड हवेच्या ठिकाणांना तिने उत्तर दिले. तिथे बंगला लागत नाही, ऐपत लागत नाही. पाय आणि सोबती पुरतात. लेखक गो. नी. दांडेकरांनी गडवाटा तुडवल्या आणि लेखणीने वाचकालाही तिकडे ओढले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने वाटा, पाण्याची टाकी, मुक्कामाच्या गुहा यांची माहिती हाती दिली. शनिवारी रात्रीची कसारा किंवा कर्जत लोकल, पहाटेची एसटी, पाठीवर सॅक, वर चुलीवरची खिचडी आणि रविवारी रात्री उशिरा घरी, हा दोन पिढ्यांचा ठरलेला कार्यक्रम. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर शेजारी बसून केलेल्या गप्पांवर पुढे तीस-तीस वर्षे मैत्री टिकलेली माणसे ठाण्या-डोंबिवलीत गल्लोगल्ली सापडतील.

मग दोन गोष्टी झाल्या. २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि घाट दोन तासांवर आला. पाठोपाठ मोबाइलमधल्या छायाचित्रांनी प्रत्येक धबधब्याचा पत्ता जगाला दिला. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा १९८५ पासून होता. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांतही तो लागू झाला. सुट्टी वाढली, गाड्या वाढल्या. पायथ्याची वाट मात्र तेवढीच राहिली. २०२३ च्या जुलैत लोहगडाच्या दरवाजांतून माणसांना वर ना खाली, असे तासन्‌तास अडकून राहावे लागले. काजवे पाहायला भंडारदऱ्याला इतक्या मोटारी जातात की त्यांच्या दिव्यांपुढे काजव्यांचे चालत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि लोहगड, राजगड, रायगड ही नेहमीची ठिकाणे त्यांतच आहेत. म्हणजे गर्दी वाढणारच.

गर्दीची किंमत कधी कधी जिवाने मोजली जाते. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चार जण दगावले. दोन्ही दिवशी रविवार होता. दुर्घटनेनंतर जमावबंदीचे आदेश निघतात, पोलीस उभे राहतात, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. लाखो लोकांना एकाच दिवशी मोकळीक मिळते आणि त्यांच्यासाठी मोकळ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. शहरात मैदाने नाहीत, नदीकाठ नाहीत. मग माणूस घाटात जाणार नाही तर कुठे? त्याला नुसते हुल्लडबाज म्हणून प्रश्न सुटत नाही. अमुक गडावर एका दिवशी किती माणसे जाऊ शकतात याचा आकडा ठरवणे, आधी नोंदणी घेणे, जुन्या पुलांवर वेळेत फाटक बसवणे ही कामे रविवारी नव्हे, सोमवार ते शुक्रवार करायची असतात.

मौज पुरवणाऱ्यांचा वार

जमाखर्चाची दुसरी बाजू पाहू. रविवारी आपण सुटतो तेव्हा कोण जुंपला जातो? मेगाब्लॉकच्या घोषणेला आपण शिव्या घालतो. पण रविवारी प्रवासी कमी म्हणून त्याच दिवशी रूळ दुरुस्त होतात आणि ट्रॅकवरचा कामगार उन्हात उभा असतो. कळसूबाईच्या पायथ्याशी बारी, हरिश्चंद्रगडाखाली पाचनई, राजमाचीवर उधेवाडी, इथल्या घरांतल्या बायका पहाटेपासून पिठले-भाकरीच्या मागे असतात. त्यांना चार पैसे मिळतात हे खरे आणि चांगलेही. पण ताटाला घासाघीस करणारा शहरातला गट परतताना एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये त्याच्या दुप्पट पैसे निमूटपणे मोजतो. माथेरानला तर माणसाने माणसाला ओढायची रिक्षा अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला.

सगळ्यात बोलके उदाहरण लोअर परळचे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे उभे राहिलेच नाही. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले, फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. ज्या भागात रविवारची सुट्टी मागितली गेली, तिथे आज रविवार हाच धंद्याचा सर्वांत मोठा दिवस आहे. कपड्यांच्या दुकानात उभी राहणारी मुलगी, पॉपकॉर्न विकणारा मुलगा, पार्किंगचा रखवालदार यांतल्या अनेकांचे आजोबा याच परिसरात साच्यावर होते. आजोबांना रविवार मिळाला होता. नातवंडांना तो मागायची सोय नाही. दारी जेवण पोहोचवणाऱ्याचे तर याहून अवघड. तो कंपनीच्या भाषेत कामगार नाही, ‘पार्टनर’ आहे, आणि आपण घरी बसतो त्याच दिवशी त्याला जास्त फेऱ्या मिळतात. ज्या दिवशी तो घरी बसेल त्या दिवशी त्याची कमाई शून्य.

कायदा याबाबत मुका नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षभर दुकाने उघडी ठेवायला मुभा दिली. पण हा कायदा जिथे लागू होतो तिथे प्रत्येकाला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी बंधनकारक केली. वार कुठलाही असो, दिवस पूर्ण हवा. मौजेचा उद्योग रविवारी बंद ठेवा, असे कुणी म्हणणार नाही; तसे केले तर आपली सहलच बुडेल. पण मंगळवार किंवा बुधवार तरी त्याच्या हक्काचा असावा, त्या दिवशी त्याच्याही मित्रांना सुट्टी असावी, एवढी व्यवस्था अशक्य नाही.

या दिवाळीत तुम्ही मित्रांबरोबर कुठे ना कुठे जाणारच; जरूर जा. जिथे जेवाल, राहाल, नाटक-सिनेमा पाहाल, तिथे वाढणाऱ्याला, दार उघडणाऱ्याला एकदा विचारा: तुमची सुट्टी कधी असते? उत्तरात वार ऐकू आला तर ठीक. नाही आला, तर मालकालाही तोच प्रश्न विचारा. १८८४ साली साडेपाच हजार लोकांनी सही करून हाच प्रश्न विचारला होता, आणि आपला रविवार त्यातूनच आला आहे.