चाळिशीच्या उंबरठ्यावर मूल हवे असेल तर...

लग्नाला दहा-बारा वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की घरातले पहिले बोट सुनेकडे वळते. तपासण्या तिच्या, अंगारेधुपारे तिला, टोमणेही तिलाच. नवरा मात्र ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणून मोकळा. भगिनींनो, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही कारण सापडते. त्याची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. ती आधी व्हावी.

दुसरी गोष्ट वयाची. स्त्रीबीजांचा साठा मुलीच्या जन्मापासून ठरलेला असतो. पस्तिशीनंतर तो झपाट्याने घटतो, बीजाचा कसही उतरतो आणि गर्भपात वाढतात. म्हणून पस्तिशीच्या आत वर्षभर वाट पाहावी, पस्तिशीनंतर सहा महिने, आणि चाळिशी आली असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. बुवाबाजीत घालवलेले एक वर्ष या वयात परत मिळत नाही.

क्षयरोग आपल्या वस्त्यांना नवा नाही. तो गर्भनलिकांनाही होतो. खोकला नाही, ताप नाही, तरी नलिका बंद होतात. डॉक्टरांना घरातल्या जुन्या क्षयाविषयी अवश्य सांगा. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

टेस्ट ट्यूब बेबी ही केवळ श्रीमंतांची गोष्ट, असा समज आहे. पण 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा जन्मली ती परळच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात! पुढे 2016 साली हर्षा स्वतः आई झाली. आज खारघरमध्ये अशा उपचारांची खासगी केंद्रे आहेत. तरी सुरुवातीच्या तपासण्या सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयात कमी खर्चात होतात. हार्बरने कुर्ला आणि तिथे गाडी बदलून परळ, एवढीच ती वाट.

या उपचारात दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन बीजे वाढवतात, ती बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करतात आणि तयार झालेला गर्भ पिशवीत सोडतात. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजाने केलेल्या बहुतेक फेऱ्या रिकाम्या जातात, हे कटू सत्य आधीच ऐकलेले बरे. दुसरीचे बीज घेतल्यास आशा वाढते, कारण तिथे वय दात्या स्त्रीचे मोजले जाते. 2021 च्या कायद्याने दाती 23 ते 35 वर्षांची हवी आणि तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे. उपचार घेणाऱ्या स्त्रीला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न वर्षांची मर्यादा आहे.

याच कायद्याने यशाची शक्यता, खर्च आणि धोके समजावून सांगणे केंद्राला बंधनकारक केले आहे. तेव्हा फंड काढण्यापूर्वी, मंगळसूत्र गहाण टाकण्यापूर्वी निर्भयपणे विचारा : केंद्राची नोंदणी आहे काय? माझ्या वयाच्या किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? (नुसता ‘गर्भ राहिला’ हा आकडा नको.) इंजेक्शनांसह एकूण खर्च किती? फेरी फसली तर पुढे काय? उत्तर टाळले तर उठून या. आणि किती फेऱ्यांनंतर थांबायचे, हे पतिपत्नीने आधीच ठरवा.

थांबणे म्हणजे हरणे नव्हे. दोन वर्षांच्या आतले बाळ दत्तक घेताना पतिपत्नीच्या वयांची बेरीज 85 पर्यंत चालते. म्हणजे दोघेही चाळिशीचे असले तरी दार उघडेच आहे. आणि मूल नसले तरी त्या बाईच्या मानमर्यादेत तसूभर उणीव येत नाही, हे सासूबाईंनी आणि शेजारणींनीही ध्यानात घ्यावे.

तूर्त एवढे करा. एक दिवस दोघांनीही रजा टाका आणि दोघांचीही तपासणी करून घ्या.