फ्लश दुरुस्तीचा धंदा: भांडं फोडण्याआधी एक बादली पाणी ओता



बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावात कमी भांडवलात काय सुरू करता येईल, असं तुम्ही नेहमी विचारता. आज असं एक काम बघू, ज्याला लोक नाक मुरडतात, पण ते अडलं की सगळं घर अडतं. फ्लश दुरुस्ती!

आधी यंत्रणा समजून घ्या. बटण दाबलं की टाकीच्या तळाची झडप उघडते आणि पाणी एकदम भांड्यात उतरतं. भांड्याखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, थोडं पाणी कायम साचलेलं असतं. तेच वास अडवतं. वरून जोरात पाणी आलं की घाण पुढे ढकलली जाते. म्हणजे नुसतं पाणी नाही, जोर महत्त्वाचा.

गिऱ्हाईक म्हणेल, "भाऊ, चोकअप झालं, फोडा!" थांबा. भांडं आधीच तुडुंब नसेल, तर एक बादली पाणी झटक्यात ओता. सरळ गेलं, तर रस्ता मोकळा. दोष फ्लशच्या टाकीत. वर चढलं, तर चोकअप आहे किंवा सेप्टिक टँक भरलाय.

पाणी सतत झिरपतं? टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला, तर झडपेचा रबर बदला.

आता आपल्या भागाची गोष्ट. बाळापूर तालुक्यातली कितीतरी गावं पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतात. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बॉलकॉकमध्ये आणि भांड्याच्या काठाखालच्या छिद्रांत बसतो. टाकी हळू भरते, जोर कमी होतो. कोमट पाण्यात लिंबूसत घालून भाग भिजवा, ब्रशने घासा. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका. विषारी वायू निघतो. हा थर पुन्हा बसणारच, म्हणून दर सहा महिन्यांनी साफसफाईचं काम ठरवून घ्या. तेच तुमचं कायमचं उत्पन्न!

एक गोष्ट मात्र पक्की. सेप्टिक टँकमध्ये स्वतः उतरू नका, कुणाला उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात जीव जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शन गाडीच बोलवा.

आणि हो, मजुरी व सामान बिलात वेगवेगळं लिहा, काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. शंभर रुपयांत काम होत असताना ज्याने भांडं फोडलं नाही, त्यालाच शेजारचं घरही बोलावतं.