कासवाची पोथी

दोस्तांनो, टीव्ही नव्हता तेव्हा लोक रात्री काय करत असतील? सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात या प्रश्नाचं उत्तर आजही सापडतं. समईच्या उजेडात वीणा, टाळ आणि हुडूक वाजू लागले, की ठाकर समाजाचा चित्रकथी आपली पोथी सोडायचा. पोथी म्हणजे पुस्तक नव्हे हं! सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा. एकेक चित्र पुढे धरायचं आणि गात गात रामायण-महाभारतातली गोष्ट सांगायची. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांनाही गोष्ट अगदी पाठ! ही कला जपणाऱ्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आता पिंगुळीहून समुद्राकडे चला. वेंगुर्ल्याजवळ वायंगणी, देवगड तालुक्यात तांबळडेग. थंडीच्या दिवसांत रात्री ऑलिव्ह रिडले कासवाची मादी इथे वाळूत चढून येते. मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुढचं सगळं वाळूवर आणि आपल्यावर सोपवलेलं!

आणि आपण काय करत होतो? पूर्वी ही अंडी उकरून खाल्ली जात, विकली जात. गंमत बघा, याच मुलखात दशावतारी नाटकासाठी गावं रात्र रात्र जागतात, आणि दहा अवतारांतला दुसरा अवतार कासवाचाच! कासवाला देव मानायचं आणि अंडी टोपलीत भरायची. असं का व्हावं? श्रद्धा होती, पण त्या वाळूखाली काय चाललंय याची माहिती नव्हती.

ती माहिती विज्ञानानं दिली. वाळू जास्त गरम असेल तर बहुतेक पिल्लं मादी होतात, थोडी गार असेल तर नर. अंडी सुरक्षित जागी हलवताना ती उलटीसुलटी झाली, तर आतला जीव मरू शकतो. पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेनं धावतात, कारण मोकळ्या समुद्रावरचं आकाश जरा उजळ असतं. पण किनाऱ्यावर हॉटेलचे झगझगीत दिवे असतील तर? बिचारी उलट्या वाटेला लागतात.

आणखी एक नवल ऐका. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरला अंडी घालताना सापडली! देशाच्या एका किनाऱ्यावरून थेट दुसऱ्या किनाऱ्यावर. बिल्ला नसता तर कुणाला कळलं असतं?

पण नुसती माहिती फळ्यावरच राहते. ती मनात उतरायला गोष्ट लागते. रत्नागिरीच्या वेळास गावानं हे ओळखलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर तिथे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे येऊ लागले, गावकऱ्यांच्या घरी राहू-जेवू लागले. अंडी राखणं हा गावाचा अभिमान झाला, आणि चार पैसे मिळवण्याचा मार्गही.

सिंधुदुर्गाकडे तर चित्रकथी आणि दशावतार अशी दोन हुकमी अस्त्रं आहेत. दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात. नट ते रंगमंचावरच रचतात. मग एखाद्या राक्षसानं किनाऱ्यावर भलामोठा दिवा लावला आणि गावातल्या पोरांनी तो विझवायला लावला, तर काय मजा येईल!

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. दहा कागद घ्या आणि कासवाची पोथी रंगवा. पहिल्या चित्रात वाळूत चढणारी मादी, शेवटच्यात लाटेत शिरणारं पिल्लू. अट एकच, प्रत्येक चित्रात एक तरी गोष्ट विज्ञानानं तपासलेली हवी. गरम वाळू, न हलवलेली अंडी, विझवलेला दिवा... रंग तुमच्या आवडीचे!

पोथी झाली की कपाटात ठेवू नका. शेजारच्या आजीला, मासे विकणाऱ्या मावशीला, अंगणात रात्रभर दिवा जळत ठेवणाऱ्या काकांना समोर बसवा आणि एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगा. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं म्हणतात. कुणी सांगावं, तुमच्या गोष्टीनंतर विझलेल्या एका दिव्यामुळे ते एखादं पिल्लू नीट समुद्राकडे वळेल!