इंग्लंडलाच इंग्रजीचे शिक्षक का मिळेनात?

इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायचे तर पदवीनंतर साधारण वर्षभराचे प्रशिक्षण घ्यावे लागते. विद्यापीठांतला त्यासाठीचा नेहमीचा अभ्यासक्रम म्हणजे पीजीसीई, आपल्या बी.एड.सारखा. दरवर्षी किती प्रशिक्षणार्थी हवेत, हे सरकार ठरवते. इंग्रजीत २०२२-२३ मध्ये त्या लक्ष्याच्या ८४ टक्केच विद्यार्थी आले, २०२३-२४ मध्ये ७४ टक्के.

'मातृभाषाच ती, कोणीही शिकवील,' असे सहज म्हटले जाते. मराठी शिकवणाऱ्यांना हे वाक्य चांगलेच ओळखीचे असेल. प्रत्यक्षात तिथल्या सोळा वर्षांच्या मुलांना जीसीएसई परीक्षेत शेक्सपिअरचे नाटक, एकोणिसाव्या शतकातली कादंबरी आणि कविता यांवर, पुस्तक समोर नसताना, सविस्तर लिहावे लागते. ते लेखन शाळेत वर्षभर घटवून घ्यायचे असते. तीस-तीस मुलांचे पाच वर्ग धरा, प्रत्येकाचे एकच उत्तर आणि तपासायला दहा मिनिटे: पंचवीस तास झाले, आणि हा एकाच गृहपाठाचा हिशेब आहे. शिवाय इंग्रजी सर्वांना सक्तीचे. उत्तीर्णतेची श्रेणी न मिळालेल्यांना पुढेही तो अभ्यास सुटत नाही. म्हणजे शिक्षक कमी पडले तरी तास कमी करता येत नाहीत.

'तरुणांना शिक्षकच व्हायचे नाही' हेही अर्धेच खरे. ज्या २०२३-२४ मध्ये इंग्रजी ७४ टक्क्यांवर अडकले, त्याच वर्षी इतिहासाने लक्ष्याच्या ११९ टक्के आणि शारीरिक शिक्षणाने १८१ टक्के प्रशिक्षणार्थी मिळवले.

मग पैसा? त्याचा परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रशिक्षणाची फी ९,२५० पौंड, आणि तीही बहुतेकांना कर्ज काढून भरावी लागे. अशात २०२१-२२ आणि २०२२-२३ अशी दोन वर्षे इंग्रजीची प्रशिक्षणवृत्ती सरकारने बंदच ठेवली. पण २०२३-२४ मध्ये १५,००० पौंडांची वृत्ती परत आली, नव्या शिक्षकाचा किमान पगारही ३०,००० पौंड झाला, तरी आकडा खालीच गेला.

माझ्या मते खरे दुखणे त्याच्या कितीतरी आधीचे आहे. सोळाव्या वर्षी मुले ए-लेव्हलसाठी, म्हणजे विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांसाठी, साधारण तीन विषय निवडतात. २०१७ मध्ये ज्याने तिथे इंग्रजी सोडले, तो २०२२ मध्ये पीजीसीईच्या वर्गात येणार कुठून? आणि सोडणारे वाढत गेले. २०२२ मध्ये इंग्रजी साहित्य ए-लेव्हलच्या पहिल्या दहा विषयांतून प्रथमच बाहेर पडले. त्याच वर्षी शेफील्ड हॅलम विद्यापीठाने इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी स्थगित केली. पदवीधरच घटले तर वृत्ती द्यायची कोणाला? विद्यापीठांतले इंग्रजीचे अभ्यासक्रम बंद करणे मला म्हणूनच फार महागात पडणारी काटकसर वाटते.

राहिला आपल्या जिव्हाळ्याचा समज: 'म्हणजे आपल्या बी.एड. झालेल्या इंग्रजी शिक्षकांना तिकडे मोकळे रान!' इंग्लंडने २०२३ मध्ये शिक्षक म्हणून मान्यता देण्याची सोय भारतासह नऊ ठिकाणच्या शिक्षकांना खुली केली, हे खरे. पण भारतीयांसाठी ती गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांपुरती ठेवली, आणि 'भाषा' म्हणजे फ्रेंच, स्पॅनिशसारख्या परभाषा. एजंटच्या हातावर पैसे ठेवण्याआधी तिथल्या शिक्षण खात्याच्या नियमांत आपला विषय बसतो का, ते स्वतः वाचून घ्यावे.