कॅमेऱ्याच्या डोळ्याची बाहुली

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिर पाहावयास जाणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव येतो. भर उन्हात निळ्या फरशांची नक्षी पाहून आपण तळघराच्या पायऱ्या उतरू लागलो की क्षणभर डोळ्यांपुढे अंधार दाटतो. मग हळूहळू खांब दिसू लागतात. याच्या कारणांपैकी एक म्हणजे आपल्या डोळ्याची बाहुली. उन्हात ती आकुंचन पावते, अंधारात विस्फारते. कॅमेऱ्याच्या भिंगातही पातळ पात्यांची अशीच एक बाहुली असते. तिला ॲपर्चर म्हणतात. आपण छिद्र म्हणू या.

छिद्र मोठे केले की प्रकाश अधिक येतो, लहान केले की कमी, एवढे कोणासही कळते. नवशिका अडखळतो तो आकड्यांपाशी. भिंगावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात आणि त्यांत २ चे छिद्र सर्वांत मोठे, तर १६ चे सर्वांत लहान! हा उफराटा न्याय कसा? विद्यार्थी मित्रहो, हा आकडा छिद्राचे माप नव्हेच. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागले असता येणारा तो भागाकार होय. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर असेल तर आकडा २, छिद्र ६.२५ मिलिमीटर केले तर आकडा ८. भाकरीचा अर्धा वाटा मोठा की सोळावा, हे ज्याला समजते त्याला हेही समजावे.

पण ४ नंतर ५.६ का, सरळ ५ का नाही? प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. क्षेत्रफळ निम्मे करावयाचे तर व्यासास २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने, भागावे लागते. म्हणून प्रत्येक पुढच्या आकड्यास प्रकाश निम्मा होतो. भूमितीच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

छिद्राचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. मोठ्या छिद्राने चित्रातील थोडीच खोली रेखीव येते. लहान छिद्राने पुष्कळ. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर वरीलच भिंग लावून २ मीटरांवर बसलेल्या आजींचे छायाचित्र २ आकड्यावर घेतले, तर जेमतेम १९ सेंटिमीटरांची पट्टी स्पष्ट येईल आणि मागचा किल्ला धुक्यात विरेल. त्याच आजींना साडेपाच मीटरांवर उभे करून आकडा १६ ठेवला, तर सुमारे पावणेतीन मीटरांपासून थेट क्षितिजापर्यंत सारे रेखीव येते. पार्श्वभूमी पुसून टाकण्याची हल्लीची हौस प्रस्तुत लेखकास फारशी रुचत नाही. चेहरा सुंदर दिसतो खरा; परंतु पन्नास वर्षांनी नातवंडे तो फोटो पाहतील, तेव्हा आजी कोठे उभ्या होत्या हे त्यांस कसे कळावे?

लाला दीनदयाळ यांनी टिपलेली ग्वाल्हेरची छायाचित्रे लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या, मध्य हिंदुस्थानातील वास्तूंवरील ग्रंथात आहेत. त्या काळच्या काचेच्या तबकड्या प्रकाशास आजच्या मानाने मंद होत्या. सबंध वास्तू रेखीव हवी तर छिद्र लहान ठेवावे लागे, आणि छिद्र लहान तर प्रकाश अधिक वेळ आत घ्यावा लागे. म्हणून तिवई हवीच. दगड हलत नाही. माणूस हलला तर मात्र त्याची सावलीच उरे.

आजच्या बहुतेक मोबाइल फोनांत छिद्र कायमचे एकाच मापाचे असते. पार्श्वभूमी अस्पष्ट दिसते ती बहुधा गणिताची करामत असते. म्हणून जुना कॅमेरा घरी पडून असेल तर तो जरूर हाती घ्यावा. आयएसओ १०० ची फिल्म घालावी, स्वच्छ दुपारच्या उन्हात आकडा १६ आणि वेळ सेकंदाचा १/१०० किंवा १/१२५ ठेवावी. मग महंमद गौस यांच्या मकबऱ्यात जावे. दगडी जाळ्यांतून आत येणारा प्रकाश फारच थोडा असतो. तेथे आकडा ४ वर आणला तर प्रकाश १६ पट वाढतो. तोही अपुरा पडल्यास वेळ वाढवावी आणि कॅमेरा एखाद्या स्थिर आधारावर ठेवावा.