दीड किलो मीठ, रोज

तुमच्या-माझ्या शरीरात रोज जवळपास दीड किलो मीठ गाळलं जातं. वाचताना हा आकडा छपाईची चूक वाटेल, पण हिशेब करून बघा. आपली दोन मूत्रपिंडं मिळून चोवीस तासांत रक्तातला साधारण १८० लिटर द्रव गाळून काढतात. शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठ वेळा गाळणीतून जातो. त्याच्या प्रत्येक लिटरमधलं सोडियम मिठाच्या भाषेत मांडलं, तर आठ ग्रॅमहून किंचित जास्त भरतं. त्याला १८० ने गुणलं की उत्तर येतं सुमारे १,४७० ग्रॅम. एका मूत्रपिंडाचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असतं. दोन्ही मिळून तीनशे ग्रॅमचा हा अवयव रोज स्वतःच्या वजनाच्या पाचपट मीठ हाताळतो.

खरं नवल तर यापुढेच आहे. या दीड किलोतलं ९९ टक्क्यांहून जास्त मीठ मूत्रपिंडं पुन्हा रक्तात परत घेतात. प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या घरात सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांची बरीचशी शक्ती या एकाच कामावर खर्च होते. दिवसाअखेर लघवीवाटे बाहेर पडतात फक्त काही ग्रॅम. आपण ताटातून जेवढे आत घेतले, जवळजवळ तेवढेच. आपलं शरीर मिठाची काटकसर करायला घडलेलं आहे, कारण माणसाच्या इतिहासातला बहुतेक काळ मीठ दुर्मीळच होतं. ते स्वस्त होऊन घरोघरी, वाटेल तेवढं मिळू लागलं ते फार अलीकडे.

मिठावाचून माणूस जगतो का? ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी जगतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या १०,०७९ स्त्री-पुरुषांची चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातलं सोडियम मोजलं होतं. काम किचकट होतं, पण माणूस किती मीठ खातो हे विचारून नीट कळत नाही, असं मोजूनच कळतं. ब्राझीलमधल्या यानोमामींच्या लघवीत सोडियम नावापुरतंच सापडलं. त्यांचा सरासरी रक्तदाब होता ९६/६१, आणि तो वयाबरोबर वाढतही नव्हता. त्याच अभ्यासात चीनमधल्या तियानजिन शहरातल्या लोकांचं रोजचं मीठ १४ ग्रॅमच्या आसपास भरलं. यानोमामी सडपातळ असतात, दारू पीत नाहीत, दिवसभर हिंडतात. त्यामुळे सगळं श्रेय मिठाच्या अभावाला देणं बरोबर नाही. पण ‘वय झालं की बीपी वाढायचंच’ असं जे आपण सहज बोलून जातो, ते प्रत्येक माणसाच्या नशिबी लिहिलेलं नाही, एवढं या आकड्यांवरून नक्की कळतं.

मीठ जास्त झालं की होतं काय? दवाखान्यात लावतात ती सलाइनची बाटली आठवा. तिच्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच ठेवावा लागतो. शरीरात मीठ जास्त राहिलं की ते सौम्य करायला पाणीही जास्त धरून ठेवावं लागतं. नळ्या त्याच, द्रव जास्त, दाब वाढतो. बराच काळ हे चाललं की रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या एका सलाइन बाटलीत असतं जेमतेम तेवढं. जगाची सरासरी आहे १०.८ ग्रॅम.

हा दाब किती असतो, ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या पाद्र्याने. घोडीच्या रोहिणीला त्याने उभी काचेची नळी जोडली आणि रक्त त्या नळीत आठ फूट तीन इंच वर चढलं. १७३३ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केलं. आपल्या बीपीचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून ते किरकोळ वाटतात. पारा रक्तापेक्षा जवळजवळ तेरापट जड असतो. १२० चा वरचा आकडा म्हणजे रक्ताचा पाच फुटी स्तंभ. १६० म्हणजे पावणेसात फूट. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं. तो वाढीव पावणेदोन फुटांचा दाब त्याला एक लाख वेळा पेलावा लागतो, आज, उद्या, परवा, वर्षानुवर्षं. माणसाला बहुतेक वेळा यातलं काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. या आजाराची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच कारणाने.

२००२ साली ६१ अभ्यासांमधल्या दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून तपासली गेली. निष्कर्ष असा, की चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा आकडा दर २० ने वाढला की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याची शक्यता दुप्पट होते. ही वाढ सुरू होते ११५ पासूनच. म्हणजे ११५ वाल्यापेक्षा १३५ वाल्याला धोका दुप्पट आणि १५५ वाल्याला चौपट. ‘थोडंसं बीपी आहे, चालायचंच’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार एकदा मनात करून पाहावा.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १,१३,०४३ जणांची तपासणी झाली. तिच्यावरून काढलेला अंदाज असा, की भारतात ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. मिठाचीही वेगळी राष्ट्रीय पाहणी झाली. प्रौढ भारतीय दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो; पुरुष ८.९, स्त्रिया ७.१. पाचाच्या वर तीन ग्रॅम. अर्धा चमचा. हिशेबाला सोपं जावं म्हणून देशात शंभर कोटी प्रौढ धरले, तर हा अर्धा अर्धा चमचा रोज तीन हजार टन होतो.

घरातही हा हिशेब करता येतो. चार मोठ्या माणसांनी रोज आठ आठ ग्रॅम खाल्लं तर महिन्याला ९६० ग्रॅम होतात, म्हणजे मिठाचा एक किलोचा पुडा जवळजवळ संपतो. पाच ग्रॅमच्या हिशेबाने तोच पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. आणि पुड्यातलं मीठ म्हणजे सगळं मीठ नव्हे. पाव, फरसाण, विकतचं लोणचं, पापड, बिस्किटं, वडापावबरोबरची चटणी यांतलं मीठ पुड्यात दिसतच नाही. जास्त मिठामुळे जगात दरवर्षी सुमारे १८.९ लाख मृत्यू होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रोजचे पाच हजारांहून जास्त.

इतके मोठे आकडे वाचून हातपाय गाळायचं कारण नाही, कारण उलट दिशेचे आकडेही तितकेच थक्क करणारे आहेत. चीनच्या उत्तर भागातल्या ६०० खेड्यांत २०,९९५ लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत नेहमीचं मीठ चालू ठेवलं. उरलेल्या निम्म्यांत घरोघरी वेगळं मीठ दिलं, ज्यात तीन हिस्से नेहमीचं सोडियम क्लोराइड आणि एक हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होतं. बाकी स्वयंपाक तोच. सहभागी माणसं बहुतेक आधी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठीपुढची, बीपी असलेली. सरासरी पावणेपाच वर्षांनी मोजणी झाली, तेव्हा वरचा आकडा फक्त ३.३ ने उतरला होता. पण पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले होते आणि मृत्यू १२ टक्क्यांनी. २०२१ साली हे निकाल प्रसिद्ध झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरच्या स्वयंपाकात असं मीठ वापरण्याचा सल्ला दिला. गरोदर स्त्रिया, मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना मात्र हा सल्ला लागू नाही. मूत्रपिंड अधू असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, तर हे मीठ घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५० ते ७५ वयाच्या २१३ जणांनी एक आठवडा भरपूर मिठाचं आणि एक आठवडा अगदी कमी मिठाचं जेवण घेतलं. दोन्ही आठवड्यांच्या बीपीत सरासरी ८ चा फरक पडला. फक्त आठवडाभरात. गोळ्या घेणाऱ्यांनाही फरक पडला, न घेणाऱ्यांनाही.

सैंधवाबद्दल अनेक घरांत ठाम समजूत असते, की ते ‘बीपीला चालतं’. चालत नाही. सैंधव काय किंवा काळं मीठ काय, दोन्हींत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. शिवाय सैंधवात बहुधा वरून आयोडीन घातलेलं नसतं. उपवासापुरतं वापरायला हरकत नाही, पण पथ्य म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

ज्यांना गोळी लागते, त्यांनी ती घ्यावी. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ साली पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा होते. पद्धत साधी: ठरलेली मोजकी औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच तपासणी, आणि येणं चुकलं तर पाठपुरावा. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तरीही जगभरात रक्तदाब असलेल्या पाचांपैकी सुमारे एकाचाच ताब्यात असतो, आणि जवळपास निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं.

तेव्हा या महिन्यात मिठाचा नवा पुडा फोडाल, त्या दिवशी त्याच्यावर पेनाने तारीख घाला आणि तो किती दिवस पुरतो ते पाहा. आणि तिशी ओलांडली असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन बीपी मोजून या. तिथे ते मोफत मोजतात.